अर्ज कोणाच्या वतीने?



आपल्यापैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या सेवाकार्यात आहेत. कोणी आरोग्य शिबिरात केसपेपर लिहून देते, कोणी पाड्यावरच्या बालवाडीला भेट देते, कोणी धर्मभगिनींबरोबर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाते. सुरुवातीला अशा कामाला पदरचे पैसे पुरतात. पुढे परिचारिकेचा पगार, औषधे, गाडीभाडे यांचा हिशोब वाढत जातो आणि एखाद्या बैठकीत कोणीतरी म्हणते, "एखाद्या फाउंडेशनकडे अर्ज करून पाहू या का?" तेथून एका नव्या कामाला सुरुवात होते. ते काम कागदावरचे असते. पण खरे-खोटे, माणसाचा मान आणि दुसऱ्याचा पैसा हे सगळे प्रश्न त्या चार-सहा पानांत एकत्र येतात. आज त्यांचा थोडा विचार करू या.

मागण्यात लाज नाही

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करायला हवी. दुसऱ्यासाठी हात पसरणे हे कमीपणाचे काम नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतातच. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय घरी गेल्यावर काढून वाचावेत. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी निधी गोळा करण्याचे ते आवाहन आहे. त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, पौल त्या गरिबांच्या हालअपेष्टांची वर्णने करून करिंथकरांच्या डोळ्यांत पाणी आणीत नाही. त्यांना गरज आहे एवढे तो सांगतो आणि मग समानतेविषयी बोलतो: आज एकाजवळ अधिक आहे, उद्या दुसऱ्याजवळ असेल. दुसरी गोष्ट हिशोबाची. रक्कम मोठी आहे, उद्या कोणी बोट दाखवू नये, म्हणून तो तीताबरोबर आणखी दोन बंधूंना पाठवतो. त्यांपैकी एकाची निवड तर मंडळ्यांनीच केलेली होती. मागणाऱ्याने गरिबाचा मान राखावा आणि पैसा एकट्याने हाताळू नये, हे दोन्ही नियम इतके जुने आहेत.

आपण ज्यांच्याकडे मागतो ते तरी कोण असतात? फाउंडेशन म्हटले की कधीही न आटणारी विहीर आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्या पैशालाही मालक असतो. जर्मनीतील काथोलिक बिशपांनी १९५८ साली 'मिझेरिओर' ही संस्था स्थापन केली. तिच्याकडे जमणाऱ्या निधीत तेथील धर्मग्रामांत उपवासकाळात गोळा झालेली वर्गणी असते. म्हणजे आपल्यासारख्याच एखाद्या चर्चमधल्या निवृत्त माणसाची किंवा एकट्या राहणाऱ्या आजीची. सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ साली स्थापन झाला आणि त्याच्याच पैशातून १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. कंपन्यांच्या बाबतीत २०१३ च्या कंपनी कायद्याने असे ठरवले की, एका ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. आरोग्याचा त्यात समावेश आहे. हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. पैसा वर्गणीचा असो, वारशाचा असो की कायद्याने बाजूला काढलेला असो, तो मोजका असतो. आपल्याला मिळाला तर तो दुसऱ्या कोणालातरी मिळत नाही. त्या दुसऱ्या अर्जदाराचा चेहरा आपल्याला दिसत नाही, एवढेच.

थोडेसे वाढवून सांगितले तर?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका लहान संस्थेला काही पाड्यांवरच्या क्षयरोग्यांचा पाठपुरावा करायचा आहे. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. साध्या क्षयरोगाचे औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. पण दीड-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, अंगात बळ येते आणि माणूस वीटभट्टीवर निघून जातो. औषध तुटते, आजार उलटतो आणि कधीकधी साध्या औषधांना दादही देईनासा होतो. म्हणून दर आठवड्याला घरी जाऊन "गोळ्या घेतल्या का, आणखी कोण खोकते आहे?" असे विचारणारे एक माणूस हवे. संस्थेच्या वहीत अशा रोग्यांची संख्या ४२ आहे.

अर्ज लिहायला बसल्यावर कोणीतरी म्हणते, "४२ म्हणजे फारच कमी दिसतात. 'क्षयरोगाच्या छायेत जगणारे ६,००० आदिवासी' असे लिहू या." सगळ्या पाड्यांची मिळून लोकसंख्या ६,००० आहे, म्हणजे आकडा खोटा नाही. मग एक फोटो शोधला जातो. हाडांची काडे झालेला एक मुलगा त्यात आहे. फोटो दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या तालुक्यातला. मुलगा आता बरा होऊन शाळेत जातो. त्याच्या आईला कोणी विचारलेले नाही. अर्ज छान तयार होतो.

येथे हसण्यावारी नेण्यासारखे काही नाही. असे करणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांचा युक्तिवाद नीट ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, "दिल्ली-मुंबईच्या कार्यालयात बसलेल्या माणसापुढे शेकडो अर्ज असतात. आपला पाडा त्याने पाहिलेला नाही. इतर सगळे राईचा पर्वत करतात. आपण राई म्हणूनच दाखवली तर आपल्या वाट्याला काही येणार नाही. आम्ही स्वतःसाठी मागत नाही. एका वाक्याने एखादा जीव वाचत असेल, तर त्या वाक्याचा एवढा बाऊ कशाला?"

संत ऑगस्टीनने असत्याच्या प्रश्नावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि चांगल्या हेतूने बोललेले खोटेही त्याने मान्य केले नाही. पण क्षणभर संतांचे बाजूला ठेवू आणि निव्वळ व्यवहार पाहू. तो अर्ज मंजूर झाला तर पुढे काय होते?

मंजूर झालेला अर्ज हा करार असतो. ६,००० लोकांच्या नावाने आलेला पैसा ६,००० लोकांवर खर्च करून दाखवावा लागतो. मग जनजागृतीचे फलक छापले जातात, पत्रके वाटली जातात, मंडप घालून शिबिरे भरतात, आणि शिबिराच्या वहीत एकाच बाईची चार वेळा सही झाली की अहवालात चार लाभार्थी होतात. दर तीन महिन्यांनी आकडा भरायचा असतो. तो भरण्याचे काम ज्या आरोग्यसेविकेवर पडते, तिला त्या ४२ जणांच्या घरी जायला वेळ उरत नाही. अर्ज लिहिणाऱ्याने एकदाच थोडे वाढवून सांगितले. तिला ते वर्षभर रोज लिहावे लागते. ज्या ४२ जणांसाठी हे सारे केले, त्यांची नावे त्या मोठ्या आकड्यात बुडून जातात. खोट्या गरजेसाठी आलेला पैसा खोट्या गरजेवरच खर्च होतो, ही यातली खरी हानी आहे. जीव वाचवण्यासाठी बोललेले ते वाक्य जीव वाचवीत नाही.

आणि तो मुलगा? उद्या त्याच्या शाळेतल्या कोणी ते छापील पत्रक पाहिले, तर तो त्यांच्यासाठी कायमचा 'क्षयवाला' होईल. त्याच्या आजारपणातून आपण त्याला काही दिले नाही. उलट त्याच्याकडून त्याचा चेहरा घेतला.

गरज कोणाची, रकाना कोणाचा?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्यात कोणी खोटे बोलत नाही. देणगीदाराचा छापील नमुना असतो. गरज, उद्दिष्टे, कृती, अपेक्षित परिणाम, अंदाजपत्रक, मूल्यमापन असे त्यात रकाने असतात. त्या वर्षी त्याला कोणत्या विषयात रस आहे, हेही ठरलेले असते. आपल्या लोकांची गरज त्या रकान्यात बसत नसेल, तर आपण लोकांची गरज बदलतो. तेही नकळत घडते.

याबाबतीत जामखेडचा अनुभव डोळे उघडणारा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला आले. त्यांच्या कल्पनेला जिनेव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनचे पाठबळ होते. ते आले होते आरोग्याचे काम करायला. पण गावकरी बोलू लागले ते अन्न आणि पाण्याविषयी. लवकरच १९७२ चा दुष्काळ पडला. आरोळे दांपत्याने ते ऐकले. त्या काळात मुलांसाठी अन्न शिजवले गेले, विंधनविहिरी खोदल्या गेल्या आणि त्यांपैकी काही मुद्दाम दलित वस्तीजवळ घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळे गाव तेथे येईल. पुढे शिकलेल्या परिचारिका खेड्यांत टिकेनात, तेव्हा गावातल्याच बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या भागात १९७० च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता विचार करा. 'बालआरोग्य' असे शीर्षक असलेल्या एखाद्या कडक नमुन्यात तो पैसा फक्त औषधे आणि डॉक्टर यांच्यासाठीच बांधलेला असता, तर विहिरी कोणत्या रकान्यात बसल्या असत्या? ज्याचे जळते त्याला कळते. त्याला काय जळते आहे ते विचारण्याआधीच अर्ज लिहिला, तर तो आपल्या मनातल्या गरजेचा अर्ज होतो.

क्षयरोगाच्या उदाहरणाकडे पुन्हा येऊ. देणगीदाराला यंत्र द्यायला आवडते. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, उद्घाटन करता येते. यंत्राचीही गरज असतेच. परंतु झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबांत एक मोठा अभ्यास झाला आणि २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात काही कुटुंबांतील सर्वांना दर महिन्याला जादा शिधा दिला गेला. ज्यांना तो मिळाला, त्या घरांतील माणसांना क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. तांदूळ आणि डाळीवर पाटी लावता येत नाही. पण आधी पोटोबा हे येथे अक्षरशः खरे ठरले. पाड्यावरच्या बाईने "आम्हाला मशीन नको, घरात धान्य नाही" असे म्हटले, तर ते अर्जात लिहिण्याचे आणि देणगीदाराला समजावून सांगण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे. समजावूनही त्याला पटले नाही, तर तो पैसा आपल्यासाठी नव्हता असे समजावे.

कार्यालयाचा खर्च

तिसरा मोह अंदाजपत्रकात असतो. हिशोब लिहिणारा, भाडे, वीजबिल, लेखापरीक्षण यांचा खर्च देणगीदारांना फारसा आवडत नाही. "आमचा शंभरातला प्रत्येक रुपया गरिबापर्यंत पोहोचला पाहिजे," असे त्यांचे म्हणणे असते. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर कायदाच कडक झाला: २०१० च्या कायद्यात प्रशासकीय खर्चाला ५० टक्क्यांपर्यंत मुभा होती, ती २०२० च्या दुरुस्तीने २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेने घेतलेली परदेशी देणगी लहान संस्थेला वाटून देण्यासही त्याच दुरुस्तीने बंदी घातली. लहान संस्थांची त्यामुळे मोठी अडचण झाली.

मग हिशोबनिसाचा पगार 'प्रशिक्षण' या शीर्षकाखाली दाखवण्याचा मोह होतो. जुन्या करारातील नहेम्याची गोष्ट येथे आठवते. यरुशलेमची तटबंदी बांधण्यासाठी त्याने अर्तहशश्त राजाकडे मागणी केली. किती काळ लागेल ते सांगितले, अधिकाऱ्यांसाठी पत्रे मागितली, वेशींसाठी लाकूड मागितले आणि त्याच यादीत स्वतःच्या घरासाठीही लाकूड मागितले. त्याने ते लपवले नाही, तटबंदीच्या लाकडात घुसडलेही नाही. पुढे तोच नहेम्या राज्यपाल म्हणून हक्काचा भत्ता मात्र घेत नाही, कारण लोकांवर आधीच भार होता. जे लागते ते उघडपणे मागावे आणि हक्काचे असले तरी लोकांना जड जाणारे सोडावे, असा तो धडा आहे. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाचा पगार हा गरिबांच्या तोंडचा घास नव्हे. तो पगार लपवावा लागतो अशी परिस्थिती निर्माण करणे यात मात्र देणगीदाराचाही दोष आहे.

पैसे संपल्यावर

प्रत्येक नमुन्याच्या शेवटी एक प्रश्न असतो: प्रकल्प संपल्यावर काम कसे चालू राहील? बहुतेक अर्जांत येथे "लोकसहभागातून" असा एक शब्द टाकून सुटका करून घेतली जाते. पण रोग्याच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा प्रश्न आहे. गेट्स फाउंडेशनने २००३ साली एचआयव्ही रोखण्यासाठी महाराष्ट्रासह सहा राज्यांत 'आवाहन' हा कार्यक्रम सुरू केला. २००९ ते २०१३ या काळात तो टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेकडे सोपवला. हस्तांतर सोपे नसते. पण त्याला काही वर्षे दिली गेली. याच्या उलट जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने परदेशी मदत एकाएकी थांबवली आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही तेथील मदतसंस्थाच बंद झाली. अनेक देशांत दवाखाने चालवणाऱ्या संस्थांना रोग्यांना सांगायलाही वेळ मिळाला नाही.

आपण एखाद्या आजीला दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या घरपोच देऊ लागलो की ती सरकारी दवाखान्याची वाट विसरते. दोन वर्षांनी अनुदान संपते आणि आपण जायचे थांबतो. आपण तिला आधी होती त्यापेक्षा अधिक एकटी करून सोडले, असे तर होत नाही ना? ज्याला शेवट ठाऊक आहे, त्याने तो पहिल्याच दिवशी आजीला सांगावा, आणि त्या दोन वर्षांत तिचा सरकारी केसपेपर काढून द्यावा.

एक कसोटी

इतक्या प्रश्नांत सामान्य कार्यकर्त्याने कोणता धागा धरावा? माझ्या मते धागा एकच आहे. अर्ज आपण लिहितो, सही आपली असते. पण बोलतो आपण दुसऱ्या कोणाच्यातरी वतीने. तो माणूस त्या खोलीत नसतो. बहुधा अर्जाची भाषाही त्याला येत नाही. म्हणून अर्जातले सत्य आपण सर्वप्रथम त्याला देणे लागतो, देणगीदाराला त्यानंतर.

यासाठी एक साधी कसोटी लावता येते. अर्ज पाठवण्यापूर्वी तो मराठीत आणून, ज्यांच्याविषयी लिहिला आहे त्यांच्यामध्ये ओट्यावर बसून मोठ्याने वाचावा. त्यांच्या पाड्याचे वर्णन, त्यांचा आकडा, त्यांच्यासाठी मागितलेली रक्कम, त्यातला आपला पगार, सारे वाचावे. कोणी म्हणेल, "आम्ही एवढे वाईट नाही हो." ते वाक्य काढावे. कोणी म्हणेल, "माझ्या पोराचा फोटो नको." तो काढावा. कोणी विचारेल, "इतक्या पैशांत आमच्याकडे फक्त शिबिर?" मग आपणच अर्ज पुन्हा लिहू. जे मराठीत सांगता येत नाही, ते आपल्यालाही नीट कळलेले नाही असे समजावे. आणि वर्षअखेरचा अहवालही तेथेच वाचावा. ४२ पैकी किती जणांनी औषध पुरे केले, किती जण सुटले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

असा खरा अर्ज नाकारला गेला तर? तसे होते, अनेकदा होते. तेव्हा त्या ४२ जणांचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही आणि त्याला गोड उत्तरही नाही. काही जणांपर्यंत आपण वेळेवर पोहोचणार नाही. पण ४२ हा आकडा खरा असल्याने तो आपल्या आवाक्यातही असतो. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकारकडून रक्कम देण्याची योजना एप्रिल २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये केली गेली. ती प्रत्येकाच्या बँकखात्यात जमा होते की नाही, हे पाहायला अनुदान लागत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या 'निक्षय मित्र' उपक्रमात कोणतीही व्यक्ती किंवा संस्था रोग्याच्या शिध्याचा भार उचलू शकते. ४२ घरांचा शिधा हे एका धर्मग्रामाला जड असले तरी अशक्य नाही. ६,००० चा आकडा मात्र सर्वांनाच हात जोडायला लावतो; तो ऐकून आपण म्हणतो, "हे आपले काम नव्हे, फाउंडेशनचे आहे."

आपल्या धर्मग्रामातील जी मंडळे आणि संस्था पुढील काही महिन्यांत अनुदानासाठी अर्ज करणार असतील, त्यांना एक विनंती. कागद इंग्रजीत टाइप करण्यापूर्वी एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, कच्चा मसुदा घेऊन पाड्यावर जावे आणि तो वाचून दाखवावा. तेथील माणसे तो ऐकून घेतील, दुरुस्त करतील. त्यानंतर अंदाजपत्रकावर सही करायला आपला हात अडखळणार नाही.